मोटारसायकलचा मागचा ब्रेक: लायनर बदलणे, बसवणे आणि वापरणे

मागच्या ब्रेकचा रॉड ड्रमवरच्या लिव्हरला जिथे येऊन मिळतो, तिथे त्याच्या टोकाला एक नट असतो. ब्रेक उशिरा लागू लागला की हा नट दोन फेरे कसायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा दोन फेरे कसायचा, एवढ्यावरच पुष्कळ गाड्यांच्या मागच्या ब्रेकची देखभाल आटोपते. कसण्यात वावगे काही नाही. नट त्यासाठीच दिलेला असतो. परंतु तो झीज भरून काढत नाही, तर झिजलेले लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे थर, चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमच्या अधिक जवळ आणून ठेवतो, आणि म्हणून पेडल व्यवस्थित कडक लागत असतानाही आत लायनरचा थर कागदाएवढाच उरलेला असू शकतो. ब्रेकची खरी स्थिती ड्रम उघडल्यावरच कळते. हे काम घरच्या अंगणात, साध्या पान्यांनी होण्यासारखे आहे. मात्र त्यातल्या दोन-तीन जागा अशा आहेत की तिथली हयगय जिवावर बेतते, आणि त्यांवर पुढे मुद्दाम अधिक लिहिले आहे. येथील वर्णन प्रामुख्याने १०० ते १५० सीसीच्या, मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांचे आहे. मागे डिस्क असलेल्या गाड्यांसाठी जो फरक पडतो तो नंतर थोडक्यात दिला आहे.

पेडल दाबले की रॉड ओढला जातो, रॉडमुळे लिव्हर फिरतो आणि लिव्हरच्या आतल्या टोकाचा कॅम, म्हणजे चपट्या बाजूंचा फिरणारा दांडा, लायनर चिकटवलेल्या दोन अर्धगोल शूंना फाकवून फिरत्या ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबतो. लिव्हरच्या मुळाशी बहुतेक गाड्यांत एक लहान बाण असतो आणि त्याच्यासमोर ब्रेक प्लेटवर, म्हणजे शू ज्यावर बसतात त्या ड्रमच्या झाकणावर, एक खूण असते. एकाने पेडल पूर्ण दाबून धरावे आणि दुसऱ्याने वाकून बाण पाहावा. बाण खुणेला येऊन टेकला असेल तर नट कितीही शिल्लक असो, शू बदलण्याची वेळ झाली आहे. ब्रेक मारताना धातूवर धातू घासल्यासारखा खरखर आवाज येत असेल तर ती वेळ उलटूनही गेली आहे.

रॉडवरचे आटे संपले की लिव्हर कॅमच्या दात्यांवरून काढून एक दाता मागे बसवून देण्याची युक्ती काही गॅरेजांत चालते. तिने पेडल लगेच वर येते, गिऱ्हाईक समाधानाने जाते आणि शूचे पैसेही वाचतात. परंतु अशाने कॅम त्याच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे फिरू लागतो, आणि तो फार फिरला की शू स्प्रिंगच्या ओढीने मिटण्याऐवजी फाकलेलेच राहतात व चालत्या गाडीचे मागचे चाक जाम होते. लिव्हरवर आणि कॅमच्या टोकावर कारखान्यातून ठोकून दिलेले ठिपके असतात, ते समोरासमोर आहेत की नाहीत हे जुनी गाडी घेणाऱ्याने तरी अवश्य पाहावे.

तयारी

शू नेहमी जोडीनेच, स्प्रिंगांसह बदलावेत. या वर्गातल्या गाड्यांचे ड्रम बहुधा ११० किंवा १३० मिलिमीटरचे असतात, आणि एकाच नावाच्या गाडीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्यांतही माप बदललेले असू शकते. त्यामुळे दुकानात गाडीचे नाव सांगण्यापेक्षा जुना शू सोबत नेणे किंवा मॉडेल आणि वर्ष नेमके सांगणे श्रेयस्कर. येथे काटकसर करू नये. शूची जोडी काही फार महाग नसते, आणि हलक्या मालात लायनरचा थर धातूपासून सुटून येण्याची भीती असते. सोबत नवी स्प्लिट पिन, म्हणजे नट सुटू न देणारी दुटोकी पिन, हीही घ्यावी. जुनी वाकवलेली पिन सरळ करून पुन्हा वापरली की ती केव्हा तुटेल याचा भरवसा नसतो.

हत्यारांमध्ये रिंग पान्यांचा संच, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, रबरी किंवा लाकडी हातोडी, मध्यम पॉलिश पेपर, जुने सुती कापड आणि उष्णता सहन करणारे थोडे ग्रीस एवढे पुरते. गाडी मेन स्टॅन्डवर, सपाट आणि टणक जागी लावावी. नागपूरच्या अनेक ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वसाहतींत, घरासमोर अजून काळी मातीच आहे आणि पावसाळ्यात तिच्यात स्टॅन्ड सावकाश रुतत जाते. अशा वेळी स्टॅन्डखाली जाड फळी ठेवावी, कारण चाक काढलेली गाडी कलंडली तर ती अंगावरच येते. चालवून आणलेल्या गाडीचा ड्रम आणि सायलेन्सर निवू द्यावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीचे नुसते पानेही हातात धरवत नाहीत, म्हणून काम सकाळी लवकर उरकलेले बरे.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना किमान एकत्रित ब्रेकप्रणाली आणि त्यावरच्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक झाले. एकत्रित प्रणाली असलेल्या गाडीत मागचे पेडल दाबल्यावर पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो, आणि त्यासाठी पेडलपासून एक केबल पुढे जाते. शू बदलताना या केबलला हात लावण्याची गरज नसते, आणि तिचे नट अंदाजाने फिरवू नयेत.

चाक काढणे

प्रथम रॉडच्या टोकाचा नट पूर्ण काढावा, पेडल हाताने दाबावे आणि रॉड लिव्हरच्या पिनमधून पुढे ओढून घ्यावा. पिन, स्प्रिंग आणि नट त्याच क्रमाने पुन्हा रॉडवर ओवून ठेवले की शोधाशोध होत नाही. त्यानंतर ब्रेक प्लेटला चिमट्याशी, म्हणजे स्विंग आर्मशी, जोडणारी जी पट्टी असते तिचे ब्रेक प्लेटकडचे टोक सोडवावे. स्प्लिट पिन सरळ करून काढावी, मग नट आणि वायसर. या पट्टीला टॉर्क आर्म म्हणतात आणि तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, नट सैल करावा. चेनच्या बाजूला अनेक गाड्यांत दोन नट दिसतात, एक बाहेरचा एक्सलचा आणि एक आतला मोठा, जो चेनचे चक्र चिमट्याला धरून ठेवतो. आतला मोठा नट सोडू नये. तो तसाच राहिला तर चेन आणि चक्र जागेवर राहतात आणि केवळ चाक बाहेर येते, ही मोठी सोय आहे. ज्या गाड्यांत ही रचना नाही, त्यांत चेन चक्रावरून उतरवावी लागते. चेनच्या दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा कुठे आहेत हे मोबाइलवर फोटो काढून ठेवावे. मग एक्सलच्या टोकावर रबरी हातोडीने हलके ठोके देत तो दुसऱ्या बाजूने ओढून काढावा. लोखंडी हातोडीने थेट ठोकल्यास टोकाचे आटे बसतात आणि परत नट लागत नाही. एक्सल निघताच एक छोटी नळी, डिस्टन्स बुश, खाली पडते; ती कोणत्या बाजूची होती हे लक्षात ठेवावे. चाक ब्रेकच्या बाजूला ओढून, चाक आणि चेनचे चक्र यांच्यामधल्या रबरांतून मोकळे करावे आणि कोणाला तरी गाडी किंचित कलती धरायला सांगून मडगार्डखालून बाहेर घ्यावे. ब्रेक प्लेट हाताने उचलली की ड्रममधून सहज निघते.

आत काय पाहावे

ड्रम उघडल्यावर काळी-करडी भुकटी दिसते. ती तोंडाने फुंकू नये आणि पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीने तर मुळीच उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. ओल्या कापडाने पुसून ते कापड पिशवीत बांधून टाकावे. रस्त्याकाठच्या गॅरेजात ही भुकटी हवेच्या झोताने उडवताना रोज दिसते आणि तिथे काम करणारी पोरे ती दिवसभर श्वासात घेतात. निदान आपल्या अंगणात तरी ते टाळता येते.

जुन्या लायनरची जाडी सर्वांत पातळ जागी मोजावी. बहुतेक गाड्यांत २ मिलिमीटर ही खालची मर्यादा मानली जाते, आणि गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण धरावा. लायनर जाड असूनही काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर ब्रेक कमी लागण्याचे कारण तेच. पॉलिश पेपरने त्यांवरची चकाकी काढून ते आणखी काही काळ वापरता येतात. मात्र त्यांवर ग्रीस किंवा चेनचे तेल झिरपलेले असेल तर घासून वा धुऊन उपयोग नाही, ते फेकूनच द्यावेत आणि तेल कुठून आले ते आधी शोधावे.

ड्रमच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवावे. खोल चऱ्या लागल्या, किंवा कडेला उंच काठ तयार झालेला जाणवला, तर ड्रम झिजला आहे. हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आतल्या बाजूला जास्तीत जास्त व्यास ओतीव अक्षरांत लिहिलेला असतो; ११० मिलिमीटरच्या ड्रमसाठी तो सहसा १११ आणि १३० च्या ड्रमसाठी १३१ असतो. व्यास त्यापुढे गेला असेल तर नवे शू बसवूनही ते पूर्ण रुंदीने टेकत नाहीत आणि पैसे वाया जातात. मर्यादेत असलेला ड्रम पॉलिश पेपरने आडवा-तिरपा घासून खडबडीत करावा. उघडलेच आहे तर हबचे बेअरिंग बोटाने फिरवून खरखरत नाही ना, आणि चक्राची रबरे फाटलेली नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

शू बसवणे

जुने शू काढण्यासाठी स्क्रू ड्रायव्हरने स्प्रिंगा उचकटण्याची गरज नसते. ब्रेक प्लेट गुडघ्यांत धरून दोन्ही शू बाहेरच्या कडांनी पकडावेत आणि पुस्तक मिटल्याप्रमाणे एकमेकांकडे वर दुमडावेत. स्प्रिंगांचा ताण सुटतो आणि जोडी हातात येते. स्प्रिंग निसटली तर डोळ्याकडे येते, म्हणून तोंड थोडे बाजूला ठेवावे.

आता कॅम. पुष्कळांचे काम इथेच फसते, कारण शू नवे बसतात आणि कॅम गंजलेलाच राहतो. मग ब्रेक लागतो, पण पाय काढल्यावर सुटत नाही, चाक घासत राहते, ॲव्हरेज पडते आणि नव्या लायनरवर लगेच चकाकी येते. लिव्हरचा बोल्ट काढून, ठिपके पाहून, लिव्हर उतरवावा, कॅम आतून ओढून काढावा, त्याचा दांडा आणि प्लेटमधले भोक पॉलिश पेपरने व कापडाने स्वच्छ करावे आणि दांड्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. कॅमच्या चपट्या बाजूंवर आणि समोरच्या स्थिर खुंटीवरही तसाच पातळ थर द्यावा. ग्रीस जास्त झाले तर ब्रेकच्या उष्णतेने वितळून तेच लायनरवर जाते. लिव्हर परत लावताना ठिपके समोरासमोर आलेच पाहिजेत.

हात धुऊन मगच नव्या शूंना हात लावावा. दोन्ही स्प्रिंगा शूंमध्ये अडकवून जोडी पुन्हा दुमडलेल्या स्थितीत प्लेटवर आणावी, एक टोक खुंटीवर आणि दुसरे कॅमवर टेकवावे आणि दोन्ही अंगठ्यांनी शू खाली दाबावेत. ते खट्कन जागेवर बसतात. लिव्हर हाताने फिरवून शू सारखे फाकतात आणि सोडल्यावर पूर्ण मिटतात याची खात्री करावी. नवे लायनर जाड असल्याने प्लेट ड्रममध्ये घट्ट जाते, परंतु ठोकावी लागू नये. ठोकावी लागत असेल तर शू खुंटीवर नीट बसलेला नाही, कॅम अर्धवट फिरलेला आहे किंवा ड्रमच्या कडेला झिजेचा काठ आहे.

चाक परत लावताना

चाक रबरांत बसवावे, बुश जागेवर ठेवावा, एक्सलला हलके ग्रीस लावून तो आरपार घालावा आणि नट फक्त हाताने लावावा. यानंतर लगेच टॉर्क आर्म जोडावा. ब्रेक लागतो तेव्हा फिरता ड्रम शूंना, आणि शूंबरोबर संपूर्ण ब्रेक प्लेटला, आपल्याबरोबर फिरवू पाहतो; प्लेटला जागेवर धरून ठेवणारी वस्तू केवळ ही पट्टी असते. ती सुटली तर पहिल्याच जोरदार ब्रेकला प्लेट गर्रकन फिरते, रॉड वाकतो किंवा तुटतो आणि चाक अडकते. चाक काढण्याचे काम पंक्चरच्या दुकानातही होते आणि घाईत हाच नट हाताने लावलेला किंवा पिनेवाचून राहतो. म्हणून नट कसून, नवी स्प्लिट पिन घालून, तिची दोन्ही टोके वाकवून झाल्याशिवाय पुढच्या कामाकडे वळू नये, आणि पंक्चर काढून आणल्यावरही निघण्यापूर्वी या पिनेवर एक नजर टाकावी.

चेनचा ताण दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून बसवावा. रॉड पिनमध्ये ओवून नट लावावा आणि काही फेरे कसावा. आता एक्सलचा नट अखेरचा कसण्यापूर्वी चाक हाताने जोरात फिरवावे, पेडल घट्ट दाबून धरावे आणि तसे दाबलेले असतानाच नट कसावा. यामुळे शू आणि ड्रम एकमेकांच्या मध्यावर येतात आणि लायनर एकाच बाजूने झिजत नाहीत. नट किती जोराने कसायचा याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

पेडलची मोकळी चाल सर्वांत शेवटी बसवावी, कारण चेन ताणताना चाक मागे सरकते आणि ब्रेक आपोआप आवळला जातो. बहुतेक गाड्यांत ही चाल २० ते ३० मिलिमीटर असते, म्हणजे पेडलचे टोक तेवढे खाली गेल्यावर ब्रेक धरू लागला पाहिजे. नटाला आतून गोलसर खाच असते, ती पिनेच्या गोलाईवर बसू द्यावी. अर्ध्यावर ठेवलेला नट पहिल्या दणक्याला खाचेत सरकतो आणि चाल बदलते. चाक फिरवून ते कुठेही घासत नाही हे पाहावे. ब्रेक धरण्याच्या किंचित आधी मागचा दिवा लागला पाहिजे; लागत नसेल तर पेडलजवळच्या स्विचचा प्लॅस्टिकचा नट फिरवून तो जुळवावा. रॉड जुळवताना ही दिव्याची गोष्ट हटकून विसरली जाते.

नवे लायनर पहिल्याच दिवशी पूर्ण धरत नाहीत, त्यांचा आकार ड्रमशी जुळायला वेळ लागतो. सकाळी ले-आउटच्या मोकळ्या रस्त्यावर साधारण ४० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबाने काही वेळा वेग उतरवावा आणि प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर जाऊ देऊन ड्रम थंड होऊ द्यावा. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर समोरच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे आणि त्यानंतर चाल पुन्हा तपासावी, कारण ती हमखास वाढलेली असते.

मागे डिस्क असेल तर

चाक न काढताच पॅड बदलता येतात. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, सोडून, जुन्या पॅडच्या आधाराने पिस्टन सावकाश आत ढकलावा, पण त्याआधी ऑइलच्या डबीचे झाकण उघडून पातळी पाहावी, कारण पिस्टन आत गेला की ऑइल वर चढते आणि सांडलेले ऑइल रंग खाते. झाकणावर जो प्रकार लिहिला असेल, बहुधा डॉट ४, तोच वापरावा. पॅड बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत वारंवार दाबावे. हे राहिले तर पहिल्या वळणावर पेडल रिकामे खाली जाते.

पाय कसा ठेवावा

ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढच्या चाकावर झुकते, म्हणून कोरड्या रस्त्यावर थांबण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो आणि हलके झालेले मागचे चाक थोड्या दाबानेही जाम होते. पुढच्या ब्रेकने गाडी उलटते ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की पुष्कळ लोक आयुष्यभर एकट्या मागच्या ब्रेकवर गाडी चालवतात आणि घाईच्या प्रसंगी चाक फरफटत घसरतात. ५० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. त्या सेकंदात दोन्ही ब्रेक एकदमच, पण दाब वाढवत वाढवत लावण्याची सवय आधीपासून असावी लागते. गाडीला एबीएस असले तरी अनेक मॉडेलांत ते फक्त पुढच्या चाकाला असते आणि मागचा ड्रम नेहमीसारखाच जाम होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

मागच्या ब्रेकचे स्वतःचे क्षेत्र वेगळे आहे. सीताबर्डीच्या गर्दीत पायी चालण्याच्या वेगाने सरकताना, अरुंद गल्लीत गाडी वळवताना, सिमेंट रस्त्याच्या कडेच्या गट्टूंवर साचलेल्या बारीक रेतीवरून जाताना मागच्या ब्रेकचा हलका दाब गाडी स्थिर ठेवतो, आणि अशा वेळी पुढचा ब्रेक एकदम दाबला तर हँडल हातातून जाते. डबलसीट किंवा मागे संत्र्यांचे क्रेट बांधलेले असताना मागच्या चाकावर वजन असते, म्हणून तेव्हा मागचा ब्रेक अधिक धरतो. पाय मात्र पेडलवर टेकवून ठेवू नये. बुटाच्या नुसत्या वजनानेही लायनर घासत राहतात, ड्रम तापतो आणि मागच्याला दिवा सतत दिसत असल्याने खरा ब्रेक केव्हा लागला ते कळत नाही. रामटेकच्या गडावरून किंवा सेमिनरी हिल्सच्या उतारावरून येताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे ड्रमवर सगळा भार टाकतात, आणि तापलेला ड्रम पेडल दाबूनही धरत नाही. चढताना जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिनच गाडी अडवते.

पावसाळ्यात लोहापूल किंवा नरेंद्रनगरच्या पुलाखालून साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जाते आणि ब्रेक काही काळ जवळपास लागतच नाही. मागे वाहन नाही हे पाहून, कमी वेगात पेडल हलके दाबून थोडे अंतर चालवले की लायनर वाळतात. ओली गाडी रात्रभर उभी राहिल्यास ड्रमवर गंजाचा पातळ थर येतो व सकाळचा पहिला ब्रेक एकदम पकडतो, म्हणून तो घराच्या फाटकातच मारून पाहावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तशा पुरात गाडी बुडालेली असेल तर मात्र वाळवून भागत नाही: ड्रममध्ये गाळ बसलेला असतो, तो लायनर आणि ड्रम दोन्ही खरवडतो, आणि गाडी सुरू करण्याआधी चाक काढून वर सांगितल्याप्रमाणे ड्रम, कॅम आणि बेअरिंग साफ करावेच लागतात.